पेडल धरायची काठी

“गाडीच्या ब्रेकमधली हवा काढतेस? पेडल मी दाबतो. तुझ्या बाबांना दर वर्षी मीच लागायचो,” शेजारचे सबनीसकाका कुंपणापलीकडून म्हणाले.

बाबांना जाऊन महिना झाला होता आणि काकांनी गाडी विकणार का, हे दोनदा विचारलं होतं. फोनवर बाबांनी त्यांचं नावही कधी काढलं नव्हतं.

“जमेल मला,” मी म्हटलं.

एकटीनं करायचं तर दाबलेलं पेडल कशानं तरी अडवून ठेवायला हवं. बाबांच्या हत्यारांत नेमकी त्या मापाची काठी सापडली. म्हणजे काका चक्क थापा मारत होते.

काठी सीटला टेकवताना तिच्यावर चिकटवलेली बाबांची चिठ्ठी दिसली. ते प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायचे. ‘ब्रेकसाठी. सबनीस गावाला गेले असतील तरच.’

काका अजून कुंपणाशीच उभे होते.

“काका, येता?”

ते सीटवर बसले. मी चाकाशी वाकले.

“दाबा.”

“दाबलंय.”

नट सैल केला, नळीतून बुडबुडे निघाले, नट आवळला. आता ‘सोडा’ म्हणायचं होतं. पण मी शेजारी ठेवलेल्या काठीवरची चिठ्ठी पुन्हा वाचत राहिले.

काका पाय तसाच दाबून थांबले.