अस्वलाचं खरं नाव

बाल्त्रुसनं आधी खिडकी लावून घेतली. मग दाराला अडसर घातला. भर दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. तरी म्हाताऱ्यानं कोनाड्यातल्या ख्रिस्तापुढे मान लववली, छातीवर क्रूस काढला आणि जर्मनीहून आलेल्या प्रोफेसर हेल्विग यांच्या कानाला तोंड लावलं.

"इर्श्तास."

प्रोफेसरांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. हाच तो शब्द! अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत हाच!

अस्वलाला संस्कृतात ऋक्ष, ग्रीकात आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. सगळी एकाच आईची लेकरं. आई कुठल्याशा आद्य भाषेतली, कुणी न पाहिलेली. या थंड रानांकडच्या माणसांनी मात्र हे नाव भीतीपोटी टाकून दिलं. अस्वलाला खऱ्या नावानं हाक मारली की ते येतं म्हणे. मग कुणी त्याला तपकिरी म्हणतं, कुणी मधखाऊ. बाल्त्रुसच्या लिथुआनियन गावात तो नुसता म्हातारबा. ते जुनं नाव इथं टिकलं असतं तर कसं दिसलं असतं, हे हेल्विगांनी विद्यार्थी असतानाच नियमांवर नियम लावून जुळवलं होतं, आणि ते कुणाच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून इकडची कितीतरी गावं पालथी घातली होती. पण जो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही त्याच्या डोक्यावर चांदणी काढायची, ही त्या शास्त्राची शिस्त. त्या चांदणीवरून भर सभेत एका विद्वानानं टोमणा मारला होता : "हेल्विगचं अस्वल फक्त कागदावर चालतं!" सगळी सभा हसली होती. आता त्यांच्या शब्दकोशाचं शेवटचं प्रूफ बॅगेत होतं. चांदणी पुसायला एक साक्षीदार हवा होता. फक्त एक.

त्यासाठी तीन दिवस त्यांनी या म्हाताऱ्याचा उंबरठा झिजवला होता. बाल्त्रुस झाडांच्या ढोलीतल्या पोळ्यांचा मध काढायचा. डाव्या कानाच्या जागी नुसता व्रण. "खरं नाव आहे, ठाऊक आहे, पण सांगायचं नाही," यापुढे तो हलेना. त्याची बायको मोर्ता काळ्या पावावर मध वाढता वाढता म्हणायची, "खा हो साहेब. जे देतोय ते घ्या, नाही ते का मागता?" शेवटी आज प्रोफेसरांनी क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली, की रानात हा शब्द कधी उच्चारणार नाही. तेव्हा कुठं म्हातारा विरघळला.

"लिहिला तर चालेल ना?" प्रोफेसरांनी विचारलं.

"लिहा की! म्हातारबाला कुठं वाचता येतंय?"

प्रोफेसरांनी प्रूफ काढलं आणि चांदणी खोडली. इतक्या जोरानं, की तिथं कागदाला भोक पडलं. डोळे पुसून, केवळ रीत म्हणून, त्यांनी शेवटचा प्रश्न केला, "हे नाव तुम्हाला आजोबांनी सांगितलं असेल?"

"आजोबांनी? छे हो! त्या बिचाऱ्याला कुठं माहीत होतं! आम्हाला कुणालाच नव्हतं. एका जर्मन पोरानं सांगितलं. किती वर्षं झाली गं मोर्ता?"

"आपली थोरली रांगत होती," मोर्ता म्हणाली. "आता तिलाच पाच लेकरं आहेत. निळी टोपी होती बघा त्याच्या डोक्याला. घरोघर हिंडायचा. 'तुम्ही असं म्हणता का हो?' नाही म्हटलं की तोंड एवढंसं करायचा."

प्रोफेसरांचा हात नकळत डोक्याकडे गेला. तिथं आता टोपीही नव्हती आणि केसही.

"जाताना रानात उभा राहिला," बाल्त्रुस सांगू लागला, "आणि कसं वाजतं बघतो म्हणून गळा काढून ओरडला ते नाव. तिसऱ्या दिवशी म्हातारबा हजर! सात ढोल्या फोडल्या, माझा कान नेला. नाव खरं नसतं तर आला असता का, तुम्हीच सांगा. तेव्हापासून ते नाव गावात कुणी काढत नाही."

प्रोफेसरांनी विचारलं, "त्या पोराचा... राग नाही आला?"

"राग कसला? अजाण होतं ते. उलट सगळ्यात मोठा घोर त्याचाच. नाव घेऊन हिंडतोय ना जगभर! म्हणून आम्ही दोघं दर रविवारी त्याच्या नावानं एक जपमाळ ओढतो. म्हटलं, देवा, म्हातारबाला तेवढं ते पोर सापडू देऊ नकोस."

प्रोफेसर उठले, मोर्ताच्या हाताचं चुंबन घेतलं आणि घोडागाडीत जाऊन बसले.

गाडी रानात शिरली. दोन्ही अंगांनी उन्हातही काळोखी झाडं. मांडीवर प्रूफ पसरून प्रोफेसरांनी भोकाशेजारच्या समासात लिहिलं : चांदणी राहू द्यावी. हा शब्द कुणीही उच्चारत नाही.

गाडीवान विंत्सासनं मागं वळून मोठ्यानं विचारलं, "काय साहेब, तीन दिवस मुक्काम ठोकलात. सांगितलं का म्हाताऱ्यानं म्हातारबाचं खरं नाव? काय आहे तरी काय?"

प्रोफेसरांनी डावा कान तळहातानं झाकला.

"हळू बोल रे बाबा," ते पुटपुटले. "ऐकेल तो."