सहा किलोमीटर

बशीरने बॉनेट उघडायच्या आधी गाडीचा किलोमीटरचा आकडा पाहिला, मग मागच्या महिन्याच्या जॉबकार्डावरचा. त्याला हसूच आलं.

"काका, महिन्याभरात गाडी सहाच किलोमीटर चाललीय. गॅरेजहून घरी आणि घरून गॅरेजला. बास?"

"मधे कुठं जायचं कामच पडलं नाही," स्टुलावर टेकत दिनकरराव म्हणाले. "पण इंजिनाचा दिवा पुन्हा लागलाय. सेन्सर बदलायला झाला असणार."

"छे! ऑक्सिजन सेन्सर लाखभर किलोमीटर सहज जातो. तुमचे तीस हजारसुद्धा झाले नाहीत. गाडी नीट तापतच नाही, म्हणून त्याच्यावर काजळी धरते. तासभर हायवेला पळवा, जळून जाईल. निपाणीला जा, कुणाकडे तरी चहा घ्या आणि परत या. तरीही दिवा राहिला तर मग बदलू."

दिनकररावांनी फोन काढला आणि नावांवरून सावकाश बोट फिरवत ते खालपर्यंत गेले. निपाणीचे तिघे होते. त्यातले दोघे आता राहिले नव्हते आणि तिसरा मुलाकडे कायमचा पुण्याला गेला होता. त्यांनी फोन परत खिशात ठेवला.

"नवाच टाक."

"अहो काका, कशाला उगाच?"

"टाक रे. किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"सावकाश कर. दोन तास लागले तरी चालतील," म्हणत त्यांनी स्टूल बशीरच्या जवळ ओढलं.