साहेबांच्या घरी भेटायला

चिखलीला एक आणि खामगावला एक, अशा दोन बस बदलून कुलदीप देऊळगाव राजाहून शेगावात आला, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. साहेबांचे वडील जाऊन आज पाचवा दिवस. रिकाम्या हाताने, पडेल चेहऱ्याने तो गेटपाशी पोचला आणि त्याचं डोकंच फिरलं. प्रज्वल आधीच आलेला होता.

नुसता आलेला नव्हता. खांद्यावर पंचा, हातात पाण्याचा जग. आल्यागेल्याला पाणी देत होता, चपला नीट लावत होता आणि घरात जाताना कुणाला विचारतही नव्हता. माठ कुठे आहे तेसुद्धा याला ठाऊक, कुलदीपच्या मनात आलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा इथेच पडीक असणार.

दोघंही एकाच बियाणे कंपनीत सहा वर्षं कंत्राटावर होते. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. या महिनाअखेर विभागातून एकाला कायम करायचं होतं आणि ते नाव शेखर साहेब पाठवणार होते. एकच नाव. त्यासाठी कुलदीपने माणसं जोडायचं मनावर घेतलं होतं, अगदी नेमाने. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्याच्या मोबाइलमध्ये तारीखवार होतं. साहेबांच्या नावापुढे मात्र काहीच नव्हतं, कारण साहेब घरचं कधी बोलतच नसत.

प्रज्वलने त्याला पाणी दिलं आणि जरा बाजूला घेतलं.

"साहेबाच्या बाबाइबद्दल काई बोलू नको बरं. दोन मिन्टं गप बसजो अन् उठजो."

"का बरं?"

"सांगतो मंग," प्रज्वल म्हणाला, तेवढ्यात आतून त्याला हाक आली आणि तो गेला.

कुलदीपने मान डोलावली खरी, पण मनात म्हणाला, वा रे शहाण्या. तू चार-चार दिवस पाणी वाटून साहेबांच्या डोळ्यांत भरणार आणि मी तोंड शिवून परतीची बस पकडणार?

मांडवात सतरंजीवर दहा-बारा माणसं होती. साहेब भिंतीला टेकून बसले होते. डोकं भादरलेलं, अंगावर साधं धोतर. ऑफिसात ज्यांच्या आवाजाने माणूस खुर्चीतून उठायचा, ते आज एवढेसे दिसत होते. शेजारी त्यांची आई, पुष्पाबाई, आणि पलीकडे काका उकंडराव. येणारा प्रत्येक जण तेच बोलत होता. वय झालं होतं, देवाची मर्जी. साहेब मान हलवत होते, पण कुणाकडे बघत नव्हते. दोन कृषी केंद्रवाले आले, तेच बोलले, आणि दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं म्हणून न बोलता उठून गेले. हे दोघं येऊन गेले हे साहेबांना उद्या आठवणारही नाही, कुलदीपला वाटलं. आपणही असेच उठलो तर दिवस वाया.

समोर टेबलावर हार घातलेला फोटो होता. फोटोत म्हातारा तोंड भरून हसत होता. गप्पिष्ट माणूस असणार. तेवढ्यावर कुलदीपने ठरवून टाकलं.

"बाबांची आणि माझी एकदा भेट झाली होती," तो म्हणाला.

साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

मग काय, गाडी सुटलीच. दोन वर्षांपूर्वी तो दर्शनाला आला होता. गुरुवार होता. बाबा मंदिराबाहेर बाकावर बसले होते, हा शेजारी टेकला, आणि कुठला, काय करतो अशी चौकशी करता करता साहेबांचं नाव निघालं. सांगताना कुलदीपला ते बाक दिसायलाही लागलं.

"मला म्हणाले, पोरा, माझा शेखर कडक आहे, पण मनाचा लई चांगला आहे. त्याला धरून राहा."

दारात जग घेऊन उभ्या असलेल्या प्रज्वलने डोळे मिटून घेतले. याच्या जिवाला लागलं वाटतं, म्हणून कुलदीपला बरंच वाटलं. मग त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब रागावलेले नव्हते. ते पुन्हा खाली सतरंजीकडे बघत होते.

उकंडराव घसा खाकरून अगदी हळू म्हणाले, "लकव्यानं दादाची वाचा गेली, त्याले नऊ वर्सं झाले, भाऊ."

कुलदीपचे कान तापले. प्रज्वल काय सांगत होता ते त्याला आता कळलं, आणि त्याने ते खरंच भल्यासाठी सांगितलं होतं हे जास्त झोंबलं. चार जण बसल्या जागी चुळबुळ करू लागले. एकाने उगाच मोबाइल काढून पाहिला.

पुष्पाबाई तेवढ्या जागच्या हलल्या. हात टेकत टेकत सतरंजीवरून पुढे सरकल्या आणि कुलदीपच्या अगदी गुडघ्यापाशी येऊन बसल्या.

"गुरुवारी मी आत दर्शनाले जात होती, अन् ते बाहेर बाकावर बसत," त्या म्हणाल्या. "माह्यासंगं नऊ वर्सात एक अक्षर नाई बोलले."

"आई," साहेब म्हणाले.

त्यांनी ऐकलंच नाही. दोन्ही हातांनी कुलदीपचा हात धरला आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "अजून काय म्हनत व्हते?"