विलंब माफीचा अर्ज

जज्जसाहेबांनी अर्ज वाचता वाचता चष्मा काढला, आणि वकील सुकेशनी पुढच्या प्रश्नासाठी सावरून उभी राहिली.

अर्ज तिच्या अशिलाचा होता. इंझोरीचा विनोद जमिनीचा दावा हरला होता. दोन एकर वावर चुलतभाऊ गुलाबसिंगकडे जाणार होतं, आणि अपिलाची मुदत उलटून सहा महिने झाले होते. आज हा उशीर माफ झाला तरच अपील. नाहीतर वावर गेलं.

उशिराचं कारण नरेंद्र वकिलांनी सुचवलं होतं. ते सुकेशनीचे गुरू, आणि हरलेल्या दाव्यात विनोदचे वकीलही तेच. आधीच्या वकिलाने निकाल कळवलाच नाही असं लिही, बिनधास्त माझं नाव टाक, असं ते हसत म्हणाले होते. अशिलाची चूक कोर्ट धरून ठेवतं, वकिलाची सोडून देतं. त्यांनीही उमेदवारीत आपल्या गुरूंचं नाव असंच टाकलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही जुनी वहिवाट, आणि वांगंही त्यात खुशीने सामील. विनोदने दाखवलं तिथे सही केली. त्याच्याशी कोणी फार बोललंच नव्हतं.

पण अलीकडे वरच्या कोर्टांचा सूर बदलला होता. नुसतं वकिलावर ढकलून भागणार नाही, असं निकालांमागून निकाल बजावत होते. सुकेशनीने ते वाचले होते, गुरूंच्या कानावरही घातले होते. त्यांनी हात झटकला आणि ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला आता लाज वाटत होती.

"नरेंद्र वकिलांनी तुमचा घात केला म्हणता," जज्जसाहेब विनोदला म्हणाले. "मग त्यांच्याविरुद्ध तक्रार केली?"

विनोदने दोन्ही वकिलांकडे पाहिलं.

"आणि तेच आज तुमची फाइल धरून बसलेत?"

नरेंद्र वकील सवयीने सुकेशनीशेजारी बसून तिला कागद काढून देत होते. त्यांनी फाइल हळूच टेबलावर ठेवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुलाबसिंगचा वकील तर जागचा उठलासुद्धा नाही. सुकेशनीने गरीब अशील, एवढंसं वावर, सगळं सांगून पाहिलं. जज्जसाहेब शांतपणे ऐकत होते, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

"गरिबाची खरी अडचण असती, तर मी महिने मोजत बसलो नसतो," ते म्हणाले. "बनावट कारणाला माफी नाही." अर्ज फेटाळल्याचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे सांगितला. स्टेनोने टाइप करून घेतला.

बाहेर व्हरांड्यात गुलाबसिंग फोनवर कोणाला तरी ट्रॅक्टर घेऊन वावरात यायला सांगत होता. नरेंद्र वकील हायकोर्टाचं काही बोलू लागले, पण आवाजात जीव नव्हता. विनोदने त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"साहेब," तो म्हणाला, "निकाल लागला तवा आमी नवराबायको कोल्हापुराकडे ऊस तोडून राह्यलो होतो. आल्या आल्या तुमच्याकडेच आलो. कायले उशीर झाला, हे मले कोनी इचारलंच नाही."