जोड

वामनराव वारले, गुलाबराव मुलाकडे पुण्याला गेले आणि बाळापूरच्या घरामागच्या आखाड्यात साठी उलटलेले पंजाबराव एकटेच उरले. "माह्या जोडीचं कोनी राह्यलं नाही, आता लढू कोनासंग?" म्हणत ते रोज सकाळी नुसती माती उकरून परत यायचे.

आज परतले, तर मुलगा प्रफुल बायकोचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटत होता. चहा थंड दिला म्हणून.

"बाबा, हा आमचा नवरा-बायकोचा मामला हाय. तुमी मंधात पडू नका!"

पंजाबरावांनी त्याला मानगुटीला धरून फरफटत आखाड्यात नेलं. कुस्तीआधी समोरच्या पहिलवानाला लावतात, तशी मूठभर माती त्याच्या छातीला फासली आणि उचलून आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. प्रफुलच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"हरलो मी, बाबा! सोडा न आता!"

सून वनिता फुटलेला ओठ पदराने दाबत काठावर उभी होती. पंजाबरावांनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि तिच्या मुठीत माती भरली.



"लाव त्याच्या छातीले. डाव मी सांगतो."