शाईचं सूत

"चहाचे मळे संपले," बाबा म्हणाले. "आता वारा समोरून येतोय."

रुईशिनने बसच्या खिडकीतून पाहिलं. खरंच, पायऱ्यापायऱ्यांचे हिरवे मळे मागे पडले होते आणि डोंगर एकदम अंगावर आले होते. बाबांची नजर जाऊन सहा वर्षं झाली. पण या रस्त्याचं वळण न् वळण त्यांना पाठ होतं. या खोऱ्यातल्या जुन्या गावांमधले छपराचे अकरा पूल त्यांच्या हातचे. एकही खिळा न ठोकता, लाकडात लाकूड गुंतवून उभे केलेले. लहानथोर सगळे त्यांना आडनावाने म्याओ मिस्त्रीच म्हणत.

पुढच्या बाकावर बदकांची टोपली घेऊन बसलेली बाई वळली. "मिस्त्री, युनथानच्या नव्या पुलावर पहिलं पाऊल तुमचं म्हणे. अंघोळ तरी केलीत ना?"

"तुझ्या बदकांपेक्षा बरी केलीय."

अख्खी बस हसली. रुईशिन तेवढी हसली नाही. तिने बाबांच्या हातात सोललेलं अंडं ठेवलं. स्वतः काही खाल्लं नाही.

युनथानचा जुना पूल पुरात गेला, तेव्हा बाबांचे शिष्य शहरांत पांगले होते, तसा पूल बांधणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणूनच गावच्या वडीलधाऱ्यांनी नवा पूल बांधायला रुईशिनला होकार दिला. तोही एका अटीवर. "बाईने बांधलेला पूल या डोंगरात कुणी पाहिलेला नाही. पहिलं पाऊल तुझ्या बापाने टाकलं, तर तुळईवर मिस्त्री म्हणून तुझं नाव लिहू. तो माघारी फिरला, तर जागा कोरी राहील. मग त्या पुलावरून वरात सोड, म्हैससुद्धा जायची नाही."

चौदा महिने ती घरी सांगत होती, सुतारांचा स्वयंपाक करायला जाते म्हणून. पहिलं लाकूड बसलं त्या दिवसापासून दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिने मांस-मासळी सोडली होती. देवीपुढे उदबत्ती लावून ती एकच मागत असे. बाबांना कळेल तेव्हा त्यांचं पाऊल मागे पडू नये.

कारण त्यांना कळणार, हे तिला ठाऊक होतं. आणि ते काय करतील, हेही ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना खेळता खेळता तिने त्यांचं शाईचं सूत ओलांडलं होतं. ओंडक्यावर सरळ रेघ मारायला सुतार शाईत भिजवून ताणतात ते सूत. बाईमाणसाने ते ओलांडायचं नसतं. बाबांनी तिला मारलं नाही. त्यांनी ते सूत चुलीत घातलं. तो ओंडका पुलाला लावला नाही, त्याचं डुकरांसाठी खोपट केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं घरातली डुकरं ओरडली की तिला वाटे, आपल्यालाच बोलताहेत.

युनथानच्या दगडी गल्लीतून ते खाली उतरले तेव्हा नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. तुळईवर लाल कापड होतं. गावप्रमुख लाय पुढे आले आणि त्यांनी बाबांचा हात धरला.

"या मिस्त्री. टाका पाऊल."

"थांब रे," बाबा म्हणाले. "आधी हात लावू दे."

ते पुलाच्या तोंडाशी उकिडवे बसले. पहिल्या जोडावर बोटं फिरवली. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. खाली पाण्याचा आवाज तेवढा चालू होता.

"ही खाच डावीकडे केसभर कललीय," ते म्हणाले. "आणि कल झाकायला आतून पाचर मारलीय."

लाय गडबडले. "चूक आहे का, मिस्त्री?"

"चूकच. माझी." त्यांनी डावा हात वर केला. लाकूड तासायच्या वाकसाने तुटलेला अर्धा अंगठा सगळ्यांना दिसला. "हा असा झाल्यापासून माझी खाच कलते. मी सतरा जणांना शिकवलं, सगळ्यांना सरळ शिकवलं. ही पाचर मी कुणाला दाखवली नाही. लाज वाटायची. लोकांकडे पाठ करून मारायचो." त्यांनी मान मागे वळवली. "माझ्या पाठीमागे कोण उभं असायचं?"

रुईशिन एक पाऊल पुढे आली. "मी, बाबा. सरपणाची मोळी ठेवायला यायची ना."

"एवढा वेळ लागतो होय मोळी ठेवायला?"

बाबांची बोटं पुन्हा त्या पाचरेवर गेली.

"कलती खाच कशाला उचललीस? तुझा अंगठा तर धड आहे."

"मला वाटलं, तशीच करायची असते."

बाबांनी डगल्याच्या खिशात हात घातला. शाईचं सूत बाहेर काढलं. नजर गेली तरी ते त्यांच्या खिशातून गेलं नव्हतं. त्यांनी एक टोक चाचपडत लायच्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं आणि पुलाच्या तोंडावर घोट्याएवढ्या उंचीवर ताणलं.

गर्दीतून एक उसासा आला. म्याओ मिस्त्रींनी वाट अडवली होती. एका म्हाताऱ्याने तर पाठही फिरवली. रुईशिनने मान खाली घातली. लहानपणी सूत चुलीत जाताना आलेला वास तिला पुन्हा आला.

बाबा सूत तसंच खाली धरून एका बाजूला सरकले, वयाने मोठ्या माणसाला वाट द्यावी तसे. मग त्यांनी लेकीच्या दिशेला मान झुकवली.

"म्याओ मिस्त्री," ते म्हणाले, "ओलांडा."