नैवेद्याची वाटी

जिजाबाईनं सोनबाच्या पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडली. कोरडी पडत आलेली जखम पुन्हा ओली दिसत होती.

"गोड कुठं खाल्लं?" तिनं नवऱ्याला विचारलं. आवाज तिचा तसाही कधी चढत नसे.

"तुह्याच हातचं तं खातो बापा," सोनबा म्हणाला आणि आढ्याकडे पाहू लागला.

तेही खरंच. साखरेची बीमारी निघाल्यापासून वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगितलं तसंच कारलं ती रांधत होती. साल खरवडायची नाही, मीठ चोळून कडू पाणी पिळायचं नाही, तेल चमचाभर, गूळ नावालाही नको. जखम भरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असंही डॉक्टर म्हणाला होता. सोनबा ते विसरला असावा. जिजाबाईला रोज आठवे.

पट्टी बांधून, हातपाय धुऊन ती चुलीशी बसली. मोठ्या कढईत सोनबाचं कारलं शिजलं होतं. बाजूच्या लहान कढईत देवाचं. घरात जे रांधेल त्याचा पहिला घास बाळकृष्णाचा, हा तिचा नेम, आणि नैवेद्याआधी ती जिभेला काही लावत नसे. पण हे पथ्याचं कारलं देवापुढे ठेवायला तिचा हात धजत नव्हता. देवाच्या अंगठ्याला कुठं काय झालंय? म्हणून त्याचं कारलं खरवडून, पिळून, तेलावर खमंग परतलेलं, वरून गूळ आणि तीळ.

ती वाटी घेऊन देवघरात आली तर सोनबा हजर. आंघोळ केलेला, कपाळाला गंध. दिवाळीशिवाय देवापुढे न वाकलेला हा माणूस हल्ली आरतीची वेळ चुकवत नव्हता. आजही त्यानं अशा टाळ्या पिटल्या, की ताक मागायला आलेली शेजारची सीताबाई दारातच हात जोडून उभी राहिली.

"नशीब काढलं वं जिजाबाई," ती म्हणाली. "आमचा बुढा तं देवळाच्या खांबाले टेकून बिडी वढते."

आरती संपली. सोनबानं डोळे मिटले, हात जोडले आणि मऊ आवाजात म्हणाला, "काव, मी काय म्हणतो, येवढुशा वाटीत देवाचं पोट भरते काय? मोठी वाटी ठेवत जाय ना."

जिजाबाईचा वाटीचा हात तसाच थांबला. तिनं वाटीकडे पाहिलं. मग पट्टीकडे. प्रसादाला नाही म्हणू नये, हे तिनंच त्याला शिकवलं होतं, आणि देवापुढची वाटी रोज तोच बोटानं पुसून खात होता.

सोनबाचे डोळे अजून मिटलेले होते. ती दाराशी गेली आणि गूळ घातलेल्या कारल्याची वाटी सीताबाईच्या हातात दिली. "घेऊन जाजो, लेकराईले होईल." आत येऊन तिनं घरातली सगळ्यात मोठी वाटी काढली. मोठ्या कढईतल्या कारल्यानं ती शिगोशीग भरली, देवापुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं आणि कान पकडले.

"प्रसाद घ्या," ती म्हणाली.

सोनबानं डोळे उघडायच्या आधी तोंड उघडलं. मोठा घास टाकला. मग त्याचे डोळे जे उघडले ते मिटेचनात. थुंकायची सोय नव्हती, प्रसाद होता. मोठ्या कष्टानं त्यानं तो गिळला.

"हे देलं देवाले?"

"तुमीच म्हणलं ना, पोट भरत नाई त्याचं."

"अवं पण कडूजहर! त्याले बी साखर निंगाली काय?"

"घरात एकाले पथ्य असलं का सगळ्याईनं पाळा लागते," जिजाबाई हळूच म्हणाली. "तुमी खा. अजून लय हाये."

सोनबानं रांगत्या पितळी बाळकृष्णाकडे रागानं पाहिलं. तो गालातल्या गालात हसत होता.

"मंग त्याच्या हातातला लोण्याचा गोळा काऊन राहू देला?"

जिजाबाईनं वाकून देवाकडे पाहिलं. बोलणं तिला पटलं. तिनं तुळशीचं एक मोठं पान घेतलं आणि देवाचा तो हात नीट झाकला.